साठ दिवसांची शेतकरीण

दिवाळीच्या अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा, असा संपादकांचा दरवर्षीचा निरोप असतो. फराळाचा विषय या पानावर होऊन गेला, पाहुण्यांचा झाला, बोनसचाही झाला. यंदा मी गाईगुरांचा विषय घेतला आहे. दिवाळीची सुरुवात वसुबारसेला गाईवासराच्या पूजेने होते, तेव्हा तो अगदीच अवेळी वाटू नये. फरक इतकाच, की या गाई टीव्हीवरच्या आहेत आणि त्यांची धार काढायला बसलेली माणसे नामांकित आहेत.

पूर्वी माणूस नाव कमवायचे म्हणून खेडे सोडून शहरात येत असे. आता ज्यांना शहरात नाव मिळाले आहे, ती माणसे ते नाव टिकवण्यासाठी खेड्याकडे निघाली आहेत. नट, नट्या, गवई, खेळाडू एका जुनाट शेतावर जाऊन राहतात, शेण काढतात, लाकडे फोडतात, एकमेकांशी भांडतात, आणि आपण सोफ्यावर बसून चिवडा खात ते पाहतो. शेवटी जो टिकतो तो जिंकतो. याला ‘रिअॅलिटी शो’ म्हणतात. आमच्या आजोबांनी हे पाहिले असते तर ते इतकेच म्हणाले असते, की यात दाखवायचे काय आहे?

या खेळाचा जन्म स्वीडनमधला. २००१ साली तिथे ‘फार्मेन’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. फार्मेन म्हणजे आपले साधे ‘शेत’. शेजारच्या नॉर्वेने तो त्याच वर्षी उचलला आणि पुढे युरोपातल्या कितीतरी देशांनी. कल्पना अशी, की काही माणसांना एका जुन्या शेतघरात नेऊन सोडायचे आणि शंभर वर्षांपूर्वी लोक जसे राहत तसे राहायला लावायचे. वीज नाही, नळ नाही. चूल पेटेल तेव्हा जेवण. पहाटे उठून हाताने धार काढायची. लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापायचे आणि हिवाळ्यात गुरांना पुरावे म्हणून ते तारांवर वाळत घालायचे. दर आठवड्याला एक जण घरी जाणार. सुरुवातीला यात साधीसुधी माणसेच असत. नॉर्वेत २०१७ सालापासून खास नामवंतांचे वेगळे शेत सुरू झाले.

ही सगळी माहिती मला माझ्या धाकट्या जाऊबाईंकडून मिळते. माझे दीर नोकरीनिमित्त नॉर्वेत स्टाव्हांगरला असतात. जाऊबाईंनी तिकडची भाषा कानावर पडावी म्हणून हा कार्यक्रम पाहायला घेतला. परिणाम असा झाला आहे, की शेण, वैरण, विळा आणि दुधाची चरवी या विषयांवर त्या अस्खलित नॉर्वेजियन बोलतात, पण बँकेत गेल्या की अडखळतात!

त्या खेळाचे नियम त्यांनी मला फोनवर समजावून सांगितले, ते मोठे मजेदार आहेत. दर आठवड्याला त्या शेतावर एक ‘मोठा शेतकरी’ असतो. तो कामे वाटून देतो, आठवडाभर त्याचा शब्द चालतो. आठवड्याअखेर दोघांची झुंज लागते. ती कधी ताकदीची असते, कधी कसबाची. हरेल तो घरी जातो. पण जाताना तो मागच्यांना एक पत्र लिहितो आणि पुढच्या आठवड्याचा मोठा शेतकरी कोण, ते त्या पत्रात सांगतो. म्हणजे बघा, हरलेल्या माणसाच्याही शब्दाला तिथे मान! आणि मोठेपणा आज एकाकडे, तर उद्या दुसऱ्याकडे. काल जो गोठा झाडत होता, तो आज हुकूम सोडतो. हा नियम वाचकहो, तुम्ही जरा लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

फ्रान्समध्ये हा खेळ पहिल्यापासून नामवंतांचाच होता. २००४ साली दक्षिणेकडच्या व्हिझाँ गावाजवळ त्यांनी आपले शेत थाटले. स्पर्धक आपापल्या आवडीच्या सेवाभावी संस्थेसाठी खेळत. पहिल्या वर्षी जिंकला पास्कल ओल्मेता, मार्सेयच्या फुटबॉल संघाचा एके काळचा गोलरक्षक. जन्मभर धावत्या चेंडूवर नजर ठेवलेली. त्याला पळत्या कोंबडीचे काय!

दुसऱ्या वर्षीच्या विजेत्याची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. त्याचे नाव जॉर्डी. १९९२ साली, अवघ्या चार वर्षांचा असताना, ‘बाळ असणे काही सोपे नाही’ अशा अर्थाचे एक गाणे त्याने म्हटले आणि ते फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. देशोदेशी ते वाजले. ज्या वयात आपली मुले नाक पुसून घेण्यासाठी आईमागे फिरतात, त्या वयात हे पोर प्रसिद्ध झाले. पुढे आईवडिलांनी मुलाच्या नावावर ‘जॉर्डीचे शेत’ म्हणून एक पर्यटनस्थळ काढले. ते चालले नाही. गाण्याची हवाही विरून गेली. आणि २००५ साली, सतरा वर्षांचा झाल्यावर, हाच मुलगा टीव्हीवरच्या शेतावर राहायला आला आणि तिथे जिंकला. नावाची पाटी लावलेले शेत बुडाले आणि हाताने राबलेले शेत त्याला फळले, असे म्हणायचा मोह होतो. पण दुसऱ्या शेतावरही कॅमेरे होतेच, हे विसरून चालणार नाही.

हे कार्यक्रम लोकांना का आवडतात? मला वाटते, त्याचे श्रेय गाईला आहे. गाय कोणाला ओळखत नाही. समोर बसलेल्या माणसाला किती पदके मिळाली आहेत, याची तिला माहिती नसते. हात ओळखीचा नसला की ती दूध चोरते, आणि फारच अनोळखी वाटला तर चरवीला लाथ मारते. ज्याच्यामागे सह्या घ्यायला माणसे धावतात, तो नट एका कालवडीच्या मागे धावताना पाहिला की आपल्याला बरे वाटते. मोठ्या माणसाला कुणीतरी लहान करावे, ही इच्छा आपण उघड बोलून दाखवत नाही; गाय ती परभारे पुरी करते.

शिवाय एक खरे शिक्षणही त्यातून होते. दूध पिशवीतून येत नाही आणि वेळ लागल्याशिवाय लोणी येत नाही, हे ज्या मुलांना पुस्तकात वाचून पटत नाही, त्यांना ते तिथे दिसते. आमच्या नातवाने एका भागानंतर मला विचारले, “आजी, गाईला रविवारी सुट्टी नसते?” मी म्हटले, नसते रे बाबा. त्यावर त्याने बराच वेळ विचार केला. शाळेत इतके दिवस ‘गाय’ या विषयावर निबंध लिहूनही हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

तरीही या सगळ्यात काहीतरी कमी आहे, असे मला सारखे वाटे. ते काय, याचा उलगडा एका अमेरिकन कार्यक्रमाने केला. त्यात नामवंत कोणी नव्हते आणि झुंजीही नव्हत्या. २००२ साली तिकडच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने ‘फ्राँटियर हाउस’ नावाची मालिका दाखवली. तीन कुटुंबांना मोंटाना राज्यात नेऊन १८८३ सालच्या वसाहतकऱ्यांसारखे काही महिने राहायला लावले होते. कडाक्याचा हिवाळा सुरू होण्याआधीच त्यांना घरी सोडले. पण सोडण्यापूर्वी जाणकारांनी येऊन एकच गोष्ट पाहिली. तुम्ही जमवलेले सरपण, गवत आणि धान्य एवढ्यावर तुम्ही हा हिवाळा काढू शकला असता का?

शेतकऱ्याची परीक्षा ही! कोण किती भांडला, कोण किती रडला, कोणाला किती मते पडली, हे त्यात नाही. पुढचा ऋतू निभेल का, एवढेच. आणि खेळातल्या शेतकऱ्याला तो ऋतू कधी पाहावाच लागत नाही. शेवटची तारीख त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते. स्पर्धेत हरलेला माणूस घरी जातो, गरम पाण्याने आंघोळ करतो आणि मुलाखत देतो. खरा शेतकरी हरला, तर त्याला जायला दुसरे घर नसते. तो त्याच गोठ्यात दुसऱ्या दिवशी पहाटे उठून धार काढतो.

आता आपल्याकडे येऊ. ही हौस आपल्याकडेही आली आहे, फक्त आपण त्यात पुरुषांना त्रास दिलेला नाही. झी मराठीवर डिसेंबर २०२३ मध्ये ‘जाऊ बाई गावात’ सुरू झाले. हार्दिक जोशी सूत्रधार होते. शहरात वाढलेल्या मुली खेड्यात जाऊन राहिल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रमशा फारूकी विजेती ठरली. मग २०२५ साली झी टीव्हीवर हिंदीत ‘छोरियाँ चली गाँव’ आले. त्यात मालिकांतल्या आणि इतर क्षेत्रांतल्या नावाजलेल्या तरुणी मध्य प्रदेशातल्या बमुलिया गावात साठेक दिवस राहिल्या. सूत्रधार रणविजय सिंह होते, आणि पहिली आली अनिता हसनंदानी.

आमच्या बैठकीच्या खोलीत या दोन्ही कार्यक्रमांना चांगली गर्दी असे. सोसायटीतल्या चारदोन मैत्रिणी येत. त्यांतल्या बहुतेकींचे माहेर किंवा आजोळ खेड्यातले, त्यामुळे टीकेला तोटा नव्हता. “अगं, असं धरतात का हंडा?” “चूल फुंकतेय बघ कशी, वाढदिवसाची मेणबत्ती असल्यासारखी!” आमच्या ह्यांनी तर एकदा उठून, खुरपे कसे धरावे याचे प्रात्यक्षिक झाडणीने करून दाखवले. एखाद्या मुलीने डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन वाट पार केली, की टाळ्या पडत. “शिकली हो पोरगी!” असे एक बाई डोळे पुसत म्हणाल्या.

याच सुमारास माझ्या माहेरून फोन आला.

माझे माहेर फलटणच्या बाजूचे. थोरला भाऊ आणि वहिनी गावी असतात. पाच एकर जमीन, थोडा ऊस, थोडी भाजी आणि गोठ्यात चार गाई. भाच्याने शेतकीची पदवी घेतली आणि नोकरीच्या मागे न लागता तो घरी राहिला. ठिबक त्याने केले, गोठा सुधारला, हिशेब मोबाइलवर ठेवतो. निर्व्यसनी, कामसू, हसतमुख. वय बत्तीस. लग्न जमत नाही. वहिनी म्हणाल्या, “वन्सं, तुमच्याकडे पुण्यात कुणी पाहा ना. इकडे मुलगी द्यायला कुणी तयार नाही. मुलगा काय करतो विचारतात आणि शेती म्हटलं की चहाचा कप अर्धा ठेवून उठतात.”

ही एका घराची गोष्ट नाही, हे तुम्ही जाणताच. २१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता. लोक हसले. पण हसण्यासारखे त्यात फार थोडे होते. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात २००१ साली ९१३ मुली होत्या, आणि २०११ साली ८९४. ज्या मुली आपण जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्या आता सुना म्हणून कुठून येणार? आणि ज्या आल्या, शिकल्या, त्या शेतावर जायला तयार नाहीत.

तेव्हा मी भाच्याची माहिती एका कागदावर लिहिली आणि फिरायला निघाले. पहिल्यांदा गेले त्या डोळे पुसणाऱ्या बाईंकडेच. त्यांची मुलगी सत्तावीस वर्षांची, एका बँकेत नोकरी करते. बाईंनी कागद वाचला, मुलाचे कौतुक केले, आणि चहा ठेवायला उठता उठता म्हणाल्या, “स्थळ छान आहे हो. पण शेतावर... जन्मभर?”

त्या ‘जन्मभर’मध्ये सगळे आले. साठ दिवस असते तर त्यांनी स्वतः बॅग भरून दिली असती.

मी त्यांना दोष देत नाही. मलाही एक मुलगी आहे आणि तिच्या लग्नाच्या वेळी मी शेतकरी मुलगा शोधला नव्हता. त्या काळी तसा विचारही आमच्या घरात निघाला नाही. तेव्हा दुसऱ्याच्या आईला उपदेश करण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. मी कागदाची घडी घालून उठत होते, तेवढ्यात ती मुलगीच बाहेर आली. आमच्याकडे कार्यक्रम पाहायला तीही येत असे, आणि जाऊबाईंचे नॉर्वेचे किस्से तिने माझ्या तोंडून ऐकले होते.

“काकू,” ती म्हणाली, “एक विचारू? त्या नॉर्वेच्या खेळात मोठा शेतकरी दर आठवड्याला बदलतो ना? तुमच्या भावाच्या घरी माझी पाळी कधी येईल?”

तिने ते चेष्टेने विचारले नव्हते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिची आई मात्र “अगं, असं बोलतात का?” म्हणून तिच्यावर डोळे वटारत राहिली.

घरी येऊन मी माझ्या वहिनीचा दिवस आठवू लागले. सुट्टीत माहेरी गेले की तो मी कितीदा पाहिला आहे. साडेचारला उठणे. शेण, झाडलोट, धारा, दूध डेअरीवर पाठवणे. चहा, डबे, स्वयंपाक. मग शेतावर भांगलण नाही तर वैरण. दुपारी चार घास. संध्याकाळी पुन्हा गोठा, पुन्हा धारा, पुन्हा चूल. आता गॅस आला आहे, एवढाच बदल. बत्तीस-तेहतीस वर्षे हे चालले आहे. घरी कुणी आले आणि विचारले, की वहिनी काय करतात, तर दादा सहज सांगतो, “काही नाही, घरीच असते.”

आता त्या टीव्हीवरच्या मुली पाहा. हेच काम त्या करतात, पण प्रत्येक कामाची मोजदाद होते. कुणी किती हंडे आणले, कुणी किती गोवऱ्या थापल्या, याचे गुण लागतात. चांगले काम झाले की सगळ्यांसमोर नाव घेतले जाते. मानधन मिळते, वर बक्षीस मिळते. नॉर्वेत असत्या तर आळीपाळीने मोठा शेतकरी होण्याची संधीही मिळाली असती. आणि घरी परत जायची तारीख असते ती वेगळीच.

मला वाटते, आपण उगाच समजतो की मुली शेणाला भितात. नव्या बाळाचे लंगोट धुणारी बाई कुठल्याही घाणीला भीत नसते. मुली कष्टालाही भीत नाहीत. लोकलला लटकून, आठ तास नोकरी करून घरी आल्यावर पोळ्या लाटणे हे कष्टच आहेत. त्या भितात, ते बिनमोजणीच्या कष्टाला. जिथे काम आपले आणि नाव दुसऱ्याचे, जिथे पैसे येतात पण आपल्या हातात येत नाहीत, जिथे पाऊस, भाव आणि सासरा यांपैकी कशावरच आपली सत्ता नाही, तिथे जन्म काढायची त्यांची तयारी नाही. आणि यातले पाऊस आणि भाव हे दोन्ही नवऱ्याच्याही हातात नसतात, हेही त्यांना ठाऊक आहे. उरतो तो तिसरा. निदान त्याचे तरी काही करता येईल की नाही?

हा विचार नवा नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ नावाची मोहीम चालवली होती. घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करा, असे त्यांनी गावोगाव शेतकऱ्यांना सांगितले, आणि पुष्कळांनी ती केलीही. पण २०१५-१६ ची कृषिगणना पाहिली, तर देशातल्या शंभर वहिवाटदारांत स्त्रिया सुमारे चौदाच निघाल्या. शेतात वाकलेल्या पाठी मोजल्या, तर हिशेब असा येणार नाही. सातबाऱ्याला मात्र पाठ दिसत नाही, नाव दिसते.

त्या रात्री मी दादाला फोन केला आणि त्या मुलीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. दादा आधी हसला. मग म्हणाला, “शहरातल्या पोरी फार बोलायला लागल्यात.” मी म्हटले, “दादा, ती बोलली तरी. वहिनी बत्तीस वर्षांत बोललेली नाही.” पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. नंतर त्याने उसाच्या तोडणीची गोष्ट काढली आणि फोन ठेवला. आमच्या घरात पुरुषमाणसे वाद संपवतात, ती अशी.

पण भाचा तिथेच बसला होता आणि फोनचा आवाज मोठा होता. आठवड्याने त्याचाच फोन आला. “आत्या, गोठ्याचं सगळं आई बघते. मग दुधाचं बिल बाबांच्या खात्यात का जातं, असं मी विचारलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी आईला घेऊन डेअरीत गेलो आणि खातं तिच्या नावावर करून आलो. आता दर दहा दिवसांनी पैसे तिच्याकडे येतील.”

मी वहिनींना फोन द्यायला सांगितला. मला वाटले, बाई आनंदात असतील. त्या घाबरल्या होत्या. “वन्सं, एवढ्या पैशांचं मी काय करू? पेंडीचं देणं आहे, डॉक्टरचं देणं आहे.” मी म्हटले, “तेच करा. आजवर दादा करत होता, आता तुम्ही करा. मोठे शेतकरी आणखी काय करतात?” त्या हसल्या. मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, “खरं सांगू? मला मोठी शेतकरीण नको करायला. मला दोन दिवस माहेरी जायचंय. गाई कुणीतरी बघायला पाहिजेत.”

गाईला रविवारी सुट्टी नसते, हे माझ्या नातवाला कळले होते. गाईमागे राबणाऱ्या बाईलाही ती नसते, हा त्या धड्याचा दुसरा भाग. वहिनी मागच्याच महिन्यात दोन दिवस माहेरी जाऊन आल्या. धारा भाच्याने काढल्या. दादाने, असे ऐकते, शेण काढले. तिथे कॅमेरा नव्हता ही फार मोठी हानी झाली. मी तो भाग तिकीट काढूनसुद्धा पाहिला असता!

स्थळाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. अजून काहीच झालेले नाही. डेअरीच्या खात्याची गोष्ट मी त्या मुलीला जिन्यात भेटली तेव्हा सांगितली. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “जमिनीचं काय?” मी तोही प्रश्न फलटणला कळवला आहे. त्याचे उत्तर दोन दिवसांच्या अबोल्याने येणार नाही, त्याला निदान दोन हंगाम लागतील. पण हे प्रश्न विचारले जात आहेत आणि एका घरात तरी ते फोन मोठा करून ऐकले जात आहेत, हे मला कमी वाटत नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या खेपेला एखादी नटी टीव्हीवर गाईची धार काढताना दिसली, तर जरूर पाहा आणि जरूर हसा. त्या मुलीही सोप्या कामाला गेलेल्या नसतात. फक्त हसून झाल्यावर त्या खेळाचे नियम एकदा आपल्या घराला लावून बघा. कामाची मोजदाद आहे का? ज्याचे काम त्याचे नाव आहे का? मोठेपणाची पाळी सगळ्यांना येते का? आणि दमलेल्या माणसाला घरी जायची तारीख मिळते का? हे प्रश्न शेतकऱ्यांनाच आहेत असे नाही. फ्लॅटमध्ये गोठा नसतो, पण साडेचारचा गजर लावून दिवाळीत उटणे भिजवणारी बाई बहुतेक घरांत एकच असते.

यंदा नरकचतुर्दशीला तो गजर दुसऱ्या कुणीतरी लावावा. खेळ म्हणून एकच दिवस लावला तरी चालेल. साठ दिवसांचे पुढे पाहू.